भीमथडी घोडा: इतिहास, लक्षणं आणि आजची अवस्था

नीराकाठ (धागाकर्ता)

घोड्यांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा मारवाडी, काठियावाडी आणि अरबी या तीन नावांभोवतीच फिरते. सारंगखेड्याची यात्रा आली की लाखांच्या घोड्यांचे व्हिडिओ जिकडेतिकडे दिसतात. उंची किती इंच, कान एकमेकांना टेकतात का, देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, यावर माणसं तासन्‌तास बोलतात. आणि ज्या जनावराच्या पाठीवर मराठे १७५८ साली अटकेपर्यंत पोचले, त्याचं वंशज रस्त्याच्या कडेनं कुणाचं तरी बिऱ्हाड वाहत चाललेलं असतं. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मला हे फार लागतं. म्हणून हा धागा. ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांनी भर घालावी.

भीमथडी हा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा जुना परगणा. इंग्रजी अमदानीत या नावाचा तालुकाही होता. आज तो भाग बारामती-दौंडकडे मोडतो. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो विरलेला असतो, वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर. मुरमाड माळ, आखूड पण कसदार गवत, कोरडी हवा. घोड्याला हेच मानवतं. सारखं ओल्यात उभं राहिलं की त्याचा खूर मऊ पडतो आणि कुजायला लागतो. मावळात माणूस काटक झाला, पण घोडा पोसला तो देशावर, भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या काठांवर.

पण मुळात दख्खन हा घोड्यांचा मुलूख नव्हता. चांगला घोडा समुद्रावरून यायचा. मार्को पोलोनं तेराव्या शतकात ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे मात्र सगळे माझे. सोनं सोडून घोडे मागणारा राजा म्हणजे घोड्यांची चणचण केवढी असेल! दक्षिणेकडच्या मुलखाबद्दल तोच लिहितो की बाहेरून आणलेले घोडे तिथं फार टिकत नाहीत, त्यांची निगा कशी राखायची हे कुणाला ठाऊक नाही, आणि उत्तम घोडीला उत्तम घोडा दाखवला तरी शिंगरू खुरटं, वाकड्या पायांचं निपजतं.

पुढे पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तो घोडा आणायला त्याचे शंभर रुबल खर्च झाले होते. जुन्नरच्या असदखानानं घोडा काढून घेतला आणि सांगितलं, इस्लाम स्वीकार, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. शेवटी एका खुरासानी अमलदारानं रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. एका घोड्यापायी सुभेदार एवढा हटून बसतो, यावरून त्या काळच्या दख्खनमध्ये घोड्याचं मोल काय होतं ते कळतं. निकितिननं असंही लिहिलंय की या देशात घोडे निपजत नाहीत आणि आणलेल्या घोड्यांना हरभऱ्यासारखं कडधान्य आणि तूप-साखरेची खिचडी खाऊ घालतात.

हे चित्र पुढच्या दोन-अडीच शतकांत पालटलं. बहमनी, निजामशाही, आदिलशाही या दरबारांसाठी अरबी, इराणी, तुर्की घोडे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून येत राहिले. त्यांचं रक्त इथल्या लहानखुऱ्या, काटक घोड्यांत उतरलं. सतराव्या-अठराव्या शतकात, मराठ्यांना जनावरं हजारांनी लागू लागली तेव्हा, भीमेकाठचा हा घोडा वेगळा ओळखू यायला लागला. बाहेरच्या घोड्याचा दम आणि चपळाई आली, पण त्याची नाजूक तब्येत आली नाही. खुरटलेलं शिंगरू जगत नव्हतं. जे दुष्काळात कडब्यावर तगलं आणि खडकावर चाललं, त्याचीच पुढची वेल वाढली.

आता लक्षणं. खांद्यापाशी बहुतेक सव्वाचार ते साडेचार फूट. छाती अंगाच्या मानानं खोल, पाठ आखूड, पाय बारीक पण नळीचं हाड टणक. खूर लहान, काळपट आणि इतके चिवट की पुष्कळ जनावरं जन्मभर नालाविना चालतात. कान सरळ आणि आटोपशीर. मारवाडीसारखे आत वळलेले नाहीत. रंग कुमैत (तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), तांबडा, करडा, अबलख (पांढऱ्या ठिगळांचा) असे सगळे सापडतात. अठराव्या शतकाच्या शेवटाला युरोपीयांनी भीमेकाठच्या घोड्यांचं जे वर्णन केलंय त्यात मध्यम बांधा, मजबूत अंग, गडद कुमैत रंग आणि काळे पाय येतात. आजही असं जनावर दिसलं की माझे पाय थांबतात.

या घोड्याची खरी किंमत मात्र टेप लावून कळत नाही. कमी खाऊन, मिळेल ते पाणी पिऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच चालणं हा त्याचा गुण. मराठी फौजेकडे अवजड तोफा आणि तंबूंचा लवाजमा नव्हता तेव्हा तिला हाच घोडा हवा होता. मोगली स्वाराचा उंच, महागडा घोडा मैदानातल्या एका धडकेसाठी उत्तम असेल, पण घाटवाटेनं रात्रभर चालून पहाटे छापा घालायचा आणि दुपारपर्यंत दिसेनासं व्हायचं, हे काम या घोड्याचं.

१८१८ला पेशवाई गेली. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन चाकरी करणारा स्वार; ते घोडं म्हणजे त्याची रोजी होती. फौजाच मोडल्यावर ते पोसायचं कशासाठी? इंग्रजी पलटणींना उंच घोडा लागायचा. आधी अरबी, मग ऑस्ट्रेलियातून जहाजं भरून येणारे वेलर. भीमथडीला गिऱ्हाईक उरलं नाही. तरीही वाण संपलं नाही, ते धनगरांमुळे. कुठल्या संस्थानिकानं याच्यासाठी पागा राखली नाही, कुणी वंशावळ लिहून ठेवली नाही. मेंढपाळांना बिऱ्हाड वाहायला घोडं लागत होतं, म्हणून ते राहिलं. माझं तर ठाम म्हणणं आहे की या वाणाचं भवितव्यही मेंढपाळांची वाट चालू राहते की बंद पडते यावरच ठरणार आहे.

रानपाखरू

सुंदर लिहिलंय. एक प्राथमिक शंका. सव्वाचार फूट म्हणजे ही पोनीच झाली ना? मग याला घोडा म्हणायचं की नाही?

नीराकाठ

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात नाल नसताना १४८ सेंटिमीटरपर्यंतचं जनावर पोनीच्या वर्गात धरतात, त्या हिशेबानं पोनी. पण ती स्पर्धेसाठीची वर्गवारी आहे. आपल्याकडे मणिपुरी, स्पिती, झांस्करी हीसुद्धा लहान चणीचीच वाणं आहेत आणि पोलोचा आधुनिक खेळ मणिपुरी घोड्यावरूनच जगभर गेला. उंचीवरून कुणाची योग्यता ठरवू नये एवढंच म्हणतो.

खरारा

मी घोडे पाळतो, म्हणून जरा विरोधी बोलतो. राग मानू नका.

घोड्यानं आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं वाहावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आज धनगरांकडे दिसणारं जनावर अडीचशे किलोचं धरलं तरी पन्नास किलो झाले. आता स्वार, त्याची ढाल-तलवार, भाला, खोगीर, घोंगडं आणि दोन दिवसांची शिदोरी यांची बेरीज करा. ती पन्नासाच्या कितीतरी पुढे जाते. मग त्या घोड्यावर बसून मराठे अटकेला गेले हे कसं पटवून घ्यायचं? आजचं बिऱ्हाडाचं घोडं म्हणजेच पेशवाईतला लढाऊ घोडा, असं सरळ समीकरण मांडू नये. सरदारांकडे अरबी घोडे होते, आणि ते चांगलं मोल मोजून घेतलेले होते.

नीराकाठ

राग कसला, हाच प्रश्न यायला हवा होता.

सरदार आणि मोठे पागेदार अरबी-इराणी घोडे बाळगत, यात दुमत नाही. पण फौज मोठी झाली ती बारगीर (सरकारी घोड्यावरचे स्वार) आणि शिलेदारांमुळे, आणि एवढ्या सगळ्यांना बंदरावरचा घोडा परवडण्यासारखा नव्हता. त्यांचं जनावर इथलंच. पाचव्या हिश्शाचा ठोकताळा जनावराला वर्षानुवर्षं धडधाकट ठेवण्यासाठी आहे. मोहिमेत माणसं जनावरांना त्यापलीकडे ताणत, आणि त्यात घोडे मरतही फार.

दुसरी बाजू चंदीची, म्हणजे घोड्याच्या दाण्याची. लढाऊ घोड्याला हरभरा, कुळीथ असा रोजचा रतीब बांधलेला असे. शिंगरूपणापासून पोटभर दाणा मिळालेलं जनावर आणि रस्त्याकडेच्या गवतावर वाढलेलं जनावर, एकाच घोडीची असली तरी अंगानं सारखी होत नाहीत. शिवाय दोनशे वर्षांत निवड कशासाठी झाली तेही बघा. धनगराला लढाईचा घोडा नकोच होता. त्याला बाईमाणसाच्या हाताला ऐकणारं, लहान, ओझं चढवायला सोपं जातं असं जनावर पाहिजे होतं. म्हणून आजचं भीमथडी त्या काळच्यापेक्षा लहान असणार, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण वंश तोच, मुलूख तोच, खूर तोच.

जुनं_दप्तर

चंदीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. शिवकाळात घोड्याची निगा ही राज्याच्या कारभारातली बाब होती, ते सभासदानं लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत स्वच्छ दिसतं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय अगदी खालच्या तुकडीपर्यंत बांधून दिलेली होती. मार्को पोलोनं म्हटलंय ना की घोड्यांची निगा राखायला कुणाला येत नाही. ते दक्षिणेकडच्या मुलखाबद्दल होतं; चारशे वर्षांनी इकडे दख्खनमध्ये ही घडी बसली होती.

बखरीत लष्कराच्या वर्षाचाही क्रम दिलाय. पावसाळ्याला लष्कर छावणीला आपल्या मुलखात यायचं. दाणा, रतीब, औषधं, घोड्यांसाठी शाकारलेली घरं हे आधीच तयार ठेवायचं. दसऱ्याला कूच. मग आठ महिने परमुलखात.

आणि चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं ते प्रसिद्ध पत्र. सगळे ते रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका या आज्ञेसाठी सांगतात, आणि सांगावंच. पण ते पत्र घोडा जाणणाऱ्या माणसाचंही आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच मनास येईल तशी खर्च केलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलंय. गवताच्या गंज्यांशेजारी चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. गवत जळालं तर पागा गेली, हे लिहिणाऱ्याला नीट ठाऊक होतं.

उलट बाजूही सांगतो. पानिपताला डिसेंबर १७६०मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. त्यानंतर छावणीत माणसांबरोबर घोड्यांचे जे हाल झाले, त्या खंगलेल्या घोड्यांवर १४ जानेवारीची लढाई झाली. कितीही काटक वाण असलं तरी आठवडेच्या आठवडे उपाशी राहून ते धाव घेऊ शकत नाही.

रानपाखरू

दसऱ्याला कूच आणि पावसाळ्याला परत, हा क्रम धनगरांचाही तसाच ना?

माणदेश

होय, तसाच. आमचं घर मेंढपाळाचं, म्हणून सांगतो.

दसरा-दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांचा आन् बिऱ्हाडाचा तळ, हलतो. माण, खटाव, फलटण, बारामती इकडची मेंढरं घाटाकडं, काही कोकणात उतरतात. वळवाच्या आधी परत माळावर. कोकणातला पाऊस मेंढरालाही सोसत नाही आणि घोड्यालाही.

लोकांना वाटतं मेंढरं आणि घोडी बरोबर चालतात. तसं नसतं. गडी मेंढरं घेऊन रानारानानं चारत येतो आणि घोडी घेऊन बाया सडकेनं म्होरं जातात. जागा बघायची, ओझं उतरायचं, पाणी आणायचं, चूल पेटवायची, हे मेंढरं पोचायच्या आत व्हायला लागतं. त्यामुळं घोडं असतं बाईच्या हातात. ते तिलाच ओळखतं.

ओझं चढवायचीही रीत आहे. आधी पाठीवर जुनी वाकळ आणि घोंगडं घडी करून टाकायचं, कण्यावर काही टोचता कामा नये. मग दोन्ही अंगांना गोणी, वजन सारखं. एकीकडं बाजरीचं पीठ-मीठ तर दुसरीकडं भांडी. वर मेंढरं कोंडायची वाघर आणि खुंट्या. त्याच्यावर नुकती व्यालेली मेंढी मागं राहिली तर तिचं कोकरू, कोंबड्या पायाला दोरी बांधून, आणि सगळ्यांत वर एखादं लहान पोर. ओझं एका अंगाला कललं तर घोडं आपण होऊन थांबतं. कितीबी ओढलं तरी पाऊल टाकत नाही. माझी आजी म्हणायची, घोडं थांबलं तर आधी त्याला शिवी देऊ नको, मागं फिरून दोरी बघ.

रात्री पुढच्या दोन पायांना पायबंद घालून सोडायचं. ते उड्या टाकत टाकत चरतं, पण लांब जात नाही. बिबट्याची चाहूल कुत्र्याच्या आधी घोड्याला लागते. कान एका दिशेला ताठ होतात आणि नाकातनं फुर्र असा आवाज काढतं. मग गडी उठतात.

नीराकाठ, तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. आमच्यात कुणी वाण राखायचं म्हणून घोडं ठेवलं नाही. त्याच्याबिगर चालतच नव्हतं.

नीराकाठ

माणदेश, तुमच्या या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं वाटतंय. दोरी बघायची आजीची शिकवण कुठल्याही अश्वारोहण वर्गात पहिल्या दिवशी सांगावी अशी आहे.

होळकरांचा उल्लेख इथं केला पाहिजे. मल्हाररावांचं मूळ गाव होळ, नीरेच्या काठचं, घराणं धनगराचं. पुढे हाच माणूस माळव्यात मराठी घोडदळाचा आधार झाला. मेंढरांमागे चालणारा माणूस आणि मोहिमेवर निघणारा स्वार या दोघांनाही पाणी कुठं, चारा किती दिवसांचा, जनावर आज किती चालेल, हाच हिशेब रोज करावा लागतो. हा माझा अंदाज आहे, पण मला तो फार पटतो.

गुरांचा_डॉक्टर

या भागात नोकरी केली आहे, म्हणून तब्येतीच्या बाजूनं थोडं.

या घोड्यांच्या खुराबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. खूर उचलून बघितला तर तळ चांगला आत खोलगट आणि मधली बेडकी (तळाच्या मधला त्रिकोणी मऊ भाग) रुंद, रबरासारखी लवचिक असते. रोज मुरमावर चालल्यानं खूर आपोआप झिजत राहतो, वाढून फुटत नाही. हेच जनावर कुणी हौसेनं विकत घेऊन फरशीच्या तबेल्यात बांधलं की काही महिन्यांत खुराच्या कडा वाढतात आणि तडे जायला लागतात. मग मालक म्हणतो, वाण नाजूक निघालं.

दुसरी गोष्ट खाण्याची, आणि ही कळकळीनं सांगतो. कमी चाऱ्यावर तगणारं जनावर एकदम भरपूर दाण्यावर आणू नका. प्रेमापोटी लोक हरभरा, मका, गूळ असा मारा करतात. त्यातून पोटशूळ होतो किंवा खुराच्या आतल्या पडद्यांना सूज येते, ज्याला आम्ही लॅमिनायटिस म्हणतो. घोडा पुढचे पाय लांब टाकून, मागच्या पायांवर भार घेऊन उभा राहिलेला दिसला की समजा. तेव्हा वाट बघू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. या घोड्याला कोरडं गवत, कडबा, मीठ, स्वच्छ पाणी आणि रोजचं चालणं हेच पथ्य. काम जास्त असेल त्या दिवसांत थोडा दाणा, तोही हळूहळू वाढवत.

वय बघताना दात बघा. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीनं पडतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. लहान चण बघून पुष्कळ जण पाच-सहा वर्षांच्या घोडीला शिंगरू समजतात, आणि उलट दोन वर्षांच्या पोरावर पूर्ण ओझं घालतात. दुसऱ्या प्रकारानं जनावर कायमचं पाठीतून जातं.

खरारा

डॉक्टरांचं दाण्याबद्दलचं बोलणं शंभर टक्के. मारवाडीच्या खुराकाचा कागद भीमथडीला लावू नये.

नीराकाठ, तुमचं उत्तर बरंचसं पटलं. पण मग नोंदणीचं काय? कान, उंची, रंग ठरलेले नसतील तर वाण म्हणून ओळख कशी पटवायची?

नीराकाठ

ती ओळख आता मिळाली आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र वाण म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया हे सात आधीचे, भीमथडी आठवा. एवढा इतिहास असलेल्या वाणाला रांगेत शेवटी जागा मिळावी याचं वाईट वाटतं, पण मिळाली हे महत्त्वाचं. याआधी कागदोपत्री हे सगळं 'गावठी' या एका शब्दात बुडून जायचं. जे वेगळं मोजलं जात नाही ते कमी झालेलंही कळत नाही.

आणि कमी तर होतंच आहे. २०१९च्या पशुगणनेत देशभरात मिळून घोडे-तट्टू साधारण ३ लाख ४० हजार भरले. २०१२च्या मानानं ही घट ४५ टक्क्यांच्या वर आहे. सात वर्षांत जवळजवळ निम्मे गेले. यात सगळीच वाणं आली, पण ज्याला बाजारात भाव नाही त्याला झळ जास्त बसणार हे सांगायला नको.

माणदेश

बिऱ्हाड आता पिकअपमधनं जातंय, हे मी डोळ्यानं बघतोय. एका फेरीत सगळं सामान पोचतं, पोरं शाळेच्या गावाला राहतात. बाईचं चालणं वाचलं. त्याला कोण वाईट म्हणणार? आमच्या घरातल्या बायांनी जे सोसलंय ते परत कुणी करावं असं मी म्हणणार नाही.

पण जिथं गाडी जात नाही तिथं अजून घोडंच लागतं. आणि रानं राहिली नाहीत. माळ फोडून ऊस झाला, कुठं तारेचं कुंपण, कुठं वनखात्याची बंदी. मेंढरंच कमी केली तर घोडं कशाला ठेवतील? एक घोडी विकली की पुढच्या साली दुसरी विकली जाते.

रानपाखरू

मग उपाय काय? लांब पल्ल्याच्या शर्यती घ्याव्यात का? दम हाच याचा गुण असेल तर तिथं हे चमकेल.

खरारा

शर्यतींची कल्पना चांगली आहे, फक्त वजनाचा नियम पाहिजे आणि वाटेत टप्प्याटप्प्यावर डॉक्टरांची तपासणी पाहिजे. नाडीचे ठोके ठरल्या वेळात खाली आले नाहीत तर जनावर बाद. एंड्युरन्सच्या स्पर्धांत जगभर हीच पद्धत आहे. त्यात या घोड्याचा कस लागेल आणि हालही होणार नाहीत. लहान मुलांना रपेट शिकवायलाही इतकं शांत आणि बेताच्या उंचीचं जनावर दुसरं मिळणार नाही.

पण त्याआधी एक मोठा धोका थांबवायला हवा. बाजारात उंचीला भाव आहे हे कळल्यावर काही जण भीमथडी घोडीला मारवाडी किंवा काठियावाडी वळू (पैदाशीचा घोडा) दाखवतात. शिंगरू चार बोटं उंच होतं, चार पैसे जास्त मिळतात. पण त्या शिंगराचा खूर, पोट आणि स्वभाव कुठल्या बाजूचा निघेल याचा नेम नाही. पिढ्या दोन गेल्या की मूळचं काही हाती राहत नाही.

नीराकाठ

अगदी हेच. आणि दोष घोडीवाल्याला देऊ नये. त्याला चांगला भीमथडी वळू जवळपास मिळतच नाही. बिऱ्हाडाला घोडी बरी पडते, म्हणून नर शिंगरं लहानपणीच विकली जातात किंवा त्यांचं खच्चीकरण होतं. घोडी अकरा महिने गाभण राहते, व्याल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते, आणि त्या वेळी वाटेत जो वळू भेटेल तो लागतो. चालत्या बिऱ्हाडात ठरवून पैदास करायला सवडच नसते.

म्हणून माझ्या मते पहिलं काम वळूंचं. ज्या वाटांवरून वाडे जातात तिथल्या दोन-चार गावांत पारखून घेतलेले भीमथडी वळू ठेवावेत आणि मेंढपाळांकडून पैसे न घेता ते घोडीला दाखवावेत. पारखताना उंचीला अगदी शेवटचे गुण. खूर, पाठ, छाती, चाल, आणि गर्दीत-गाडीच्या आवाजात जनावर कसं वागतं, हे आधी. दुसरं, नर शिंगरू राखणाऱ्याला दोन वर्षांचा चाऱ्याचा खर्च मिळावा. तिसरं, कुठल्या घोडीला कुठल्या वळूपासून काय झालं याची साधी वही.

गुरांचा_डॉक्टर

वहीत फोटो हवेतच. घोड्याचा डावा आणि उजवा पूर्ण अंगाचा, समोरून तोंडाचा, आणि चारही पायांचा. कपाळावरचा ठिपका, पायावरचं पांढरं कुठवर आलंय, अंगावरचे भोवरे कुठं आहेत हे लिहून ठेवलं की तेच जनावर पाच वर्षांनी ओळखता येतं. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघणारे बघतात, पण ओळख पटवायला त्यांच्याइतकी पक्की खूण नाही. ते जन्मभर बदलत नाहीत.

माणदेश

फोटो काढायला माझी हरकत नाही, पण विचारून काढा. सडकेवर गाडी थांबवून लोक मोबाईल काढतात, घोडं बुजतं, ओझं पडतं, आणि ते निघून जातात. जरा बाजूला उभं राहावं, बाईला विचारावं, घोडीचं नाव विचारावं. ती आनंदानं सांगेल. घोडीची आई कोण, तिची आई कोण, हे पण सांगेल. तुमची वही तिथंच भरंल.

नीराकाठ

माणदेश, मग सुरुवात तिथूनच करू. दिवाळीनंतर वाडे निघतील तेव्हा फलटण-बारामतीकडून घाटाकडे जाणाऱ्या वाटांवर आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी भेटी द्याव्यात. घोडीचं नाव, वय दातांवरून, आईचं नाव, कुठल्या वळूची, आणि डॉक्टरांनी सांगितलेले फोटो, परवानगी असेल तरच. मालकाचं नाव-गाव इथं उघड धाग्यावर टाकू नका. डॉक्टर, दात बघून वय ठरवायची रीत चित्रांसकट इथं टाकाल का? आम्हाला सगळ्यांना लागेल.

गुरांचा_डॉक्टर

टाकतो. वरच्या-खालच्या पुढच्या दातांचे फोटो दोन, तीन, चार आणि पाच वर्षांचे वेगवेगळे लागतील. माझ्याकडे तीन आणि पाचचे आहेत. खरारा, तुमच्याकडे दोन आणि चार वर्षांची जनावरं असतील तर तेवढे काढून पाठवा.